तीन मैलांचं साल

सन एकोणीसशे त्रेचाळीस. मी एकवीस वर्षांचा होतो. अंगात रेड्याची ताकद होती आणि अक्कलही साधारण त्याच जनावराची. शाळा दोन इयत्ता, त्यातली दुसरी अर्धी. जालन्याहून अंबडला जाणाऱ्या सडकेवर मला मैलकुली म्हणून लावलं. मैलकुली म्हणजे सडक राखणारा बिगारी. खड्डे बुजवायचे, गिट्टी फोडायची, नाल्या मोकळ्या ठेवायच्या, कडेची झाडं सांभाळायची. आमच्या टोळीत सात माणसं आणि आमच्या वाट्याला तीन मैल. मी त्या सडकेवर पुढं तीस वर्षं काढली आणि कुणाचा एक शब्द ऐकून घेतला नाही. पण हे माझ्याबद्दल नाही. हे आमच्या मुकादमाबद्दल आहे, ज्याचं मी सगळं ऐकून घेतलं.

पहिल्याच दिवशी सकाळी मी कडेच्या लिंबाची एक काडी मोडली आणि दात घासत उभा राहिलो. मुकादम आला. उंच, वाळलेला, पायात काही नाही. उन्हाळ्यात गिट्टी तापून लाल व्हायची, तरी त्याच्या पायात कधी काही दिसलं नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं, झाडाकडं पाहिलं.

"पैलवान, कशानं दात घासून राह्यलास?"

"लिंबाच्या काडीनं."

"ते दिसतंच. दिवस कोणता?"

मला वाटलं वार विचारतो. म्हणालो, "सोमवार."

"सोमवार न्हाई रे. ह्या झाडाचा दिवस कोणता? ह्या दिवशी तापाच्या साथीत आपल्या टोळीतली तीन माणसं एकदम गेल्ती. थुक ते. घासायचंच असंल तर पुढच्या झाडाची काडी घे. तिथं एका गाडीवानाचा हरवलेला बैल सापडल्ता. तोंड गोड राहील."

टोळीत एक म्हातारी बाई होती, तिला सगळे मावशी म्हणायचे. ती टोपली उपडी घालून बसली होती. ती म्हणाली, "लिंबाच्या काडीनं तोंड गोड करणारा ह्या अख्ख्या राज्यात एकच माणूस हाय. थुक बाबा, थुक. नवा हायेस तू."

मी थुंकलो. का थुंकलो ते तेव्हा कळलं नाही.

मंग हळूहळू कळलं. त्या काळी सरकारी दप्तरात फसली साल चालायचं. पावसाळा सरला की आजूर महिन्यात सुरू व्हायचं आणि पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी आबानला संपायचं. मुकादमाला अक्षर येत नव्हतं. त्यानं ते साल सडकेवर मांडलं होतं. अंबडकडं तोंड करून निघालं की डाव्या हाताची झाडं म्हणजे सालाचे पहिले सहा महिने. तीन मैल जाऊन वळलं आणि पलीकडच्या कडेनं परत आलं की बाकीचे सहा. येतानाही झाडं डाव्याच हाताला. एक झाड, एक दिवस. साल संपलं की माणूस जिथून निघाला तिथंच यायचा. सडक बांधली तेव्हा सालाच्या हिशोबानं एकोणीस झाडं कमी पडत होती, ती त्यानं जवानीत स्वतः लावली होती. घागरीनं पाणी घालून जगवली होती.

आणि एक गोटा होता. नारळाएवढा, चुना लावलेला. रोज सकाळी दिवस उगवताना तो हा गोटा कालच्या झाडाच्या मुळाशी वाकून उचलायचा आणि आजच्या झाडाच्या मुळाशी ठेवायचा. तापात फणफणत असताना दोन माणसांच्या खांद्यावर हात टाकून आला होता, मी पाहिलंय. बायको वारली त्या दिवशी आधी गोटा सरकवला आणि मंग तिरडी उचलली, असं मावशी सांगायची. लोकांनी नावं ठेवली. तो म्हणाला, "गोटा एक दिवस मागं राह्यला तर तिचा दिवस दुसऱ्याच्या झाडावर पडंल."

गोटा ठेवला की तो झाडाला तळहात लावायचा. खोडावर, छातीच्या उंचीवर. डोळे उघडे. आम्ही टोपल्या उपड्या घालून समोर बसायचो. आणि तो सांगायचा, आजच्या दिवशी काय काय झालं.

पहिली मोटार ह्या सडकेवरून गेली, तिला पाहून अमक्याचे बैल कापसाच्या गाडीसकट नाल्यात उतरले. दुधनेला पूर आला आणि एक माणूस तुराट्यांच्या पेंढीवर बसून तीन गावं वाहत गेला, उतरल्यावर पहिलं काय विचारलं तर, माझा जोडा कुठं हाय. साहेब लोकांच्या मुलखातली मोठी लढाई थांबल्याची खबर आली, आणि त्याच दिवशी सडकेवर एका वडाराच्या गाढवीला जुळं झालं. लढाई आणि गाढवी, दोन्ही तो एकाच आवाजात सांगायचा. कमी नाही, जास्त नाही.

माझा नातू शिकलेला आहे. तो म्हणतो, आजोबा, गाढवीला जुळं होणं म्हणजे इतिहास नाही. मी वाद घालत नाही. मी मुकादमाला एकदा हेच विचारलं होतं. तो म्हणाला, "राजा मेला तर नगारा वाजतो, दप्तरात लिवतात, सुट्टी देतात. त्याला माझ्या झाडाची काय गरज? ज्याच्यासाठी कुणी नगारा वाजवत न्हाई त्याला झाड लागतं." मला हे बराबर वाटलं. आजही वाटतं.

जालन्याच्या मोंढ्याला कापूस घेऊन जाणारे गाडीवान लांबूनच ओरडायचे, "मुकादम, आज काय?" गाडी थांबवायला वेळ नसायचा. हा कुदळ खाली ठेवायचा, आजच्या झाडाजवळ असला तर हात लावायचा आणि गाडी पुढं जायच्या आत एक गोष्ट एका दमात देऊन टाकायचा. गाडीवान ती घेऊन मोंढ्यात जायचे. आणि हा झाडापासून लांब असला तर हात हलवून सांगायचा, "आत्ता न्हाई, झाड तिकडं राह्यलं." कारण झाडाला हात लावल्याशिवाय त्याला काही म्हणता काही आठवायचं नाही. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

लोकांना तिथी ठाऊक, त्याला तारीख. त्यामुळं रोज भांडण. जवळच्या खेड्यातला एक जण पोराला घेऊन आला. "मुकादम, ह्याचा जन्म नागपंचमीचा. ह्याचं झाड दाखवा."

"कोणत्या सालची नागपंचमी?"

"सालाचं काय घेऊन बसला, नागपंचमी ती नागपंचमी."

"तुझी नागपंचमी दरसाली हिंडती बाबा. तिला पाय हायेत. झाडाला न्हाईत."

"मंग तुम्ही झाडं तिथीवर का न्हाई लावली? सगळ्या जगाची रीत सोडून."

"लावली असती. पर अधिक महिना आला की तीस झाडं कुठून आणू? तुझ्या घरून?"

आणखी एक रीत होती. आज घडलेलं तो आज सांगायचा नाही. उद्याही नाही. एक साल जाऊन तो दिवस परत आला की मंग पहिल्यांदा सांगायचा. "दिवस वल्ला असतो," म्हणायचा. "वल्ल्या लाकडाचा धूर होतो. एक साल वाळू द्या. मंग कळतं त्यात काय होतं."

मी आल्यापासून दुसऱ्या सालची गोष्ट. अंबडच्या कचेरीत त्याच्या चुलत भावाचा जमिनीचा दावा चालू होता. चुलत भावाकडं एक कागद होता, एका म्हाताऱ्याचा अंगठा उठवलेला, जमीन मी ह्याला दिली म्हणून. भावानं मुकादमाचं नाव साक्षीला दिलं. घरचाच माणूस, सगळ्या मुलखात खरा म्हणून नाव. मुन्सिफ साहेबांनी कागदावरची तारीख वाचली आणि विचारलं, ह्या दिवशी तो म्हातारा कुठं होता? मुकादम उभा राहिला, इकडं तिकडं पाहिलं, आणि म्हणाला, "साहेब, हितं न्हाई आठवत. झाडाजवळ चला."

कचेरी हसली. मुन्सिफ साहेब हसले नाहीत. बुजुर्ग माणूस होते, दाढी पांढरी. दुसऱ्या दिवशी टांग्यात बसून आमच्या सडकेवर आले. खुर्ची नव्हती तर गिट्टीच्या ढिगावर रुमाल टाकून बसले. मुकादमानं झाड मोजून काढलं, हात लावला.

"ह्या दिवशी म्हातारा कुठंच नव्हता, साहेब. त्याला जाऊन तीन दिवस झाल्ते. मागचं तिसरं झाड बघा. त्या दिवशी त्याची तिरडी ह्याच सडकेनं गेली, आम्ही टोपल्या खाली ठेवून उभं राह्यलो."

चुलत भाऊ समोर उभा होता. म्हातारा कोणत्या दिवशी मेला ते मंग त्याच्या गावच्या पाटलाच्या दप्तरात पाहिलं, ते तसंच निघालं. दावा गेला. भावानं त्याच्या घरी येणं-जाणं, पाणी पिणं, सगळं बंद केलं. मी मुकादमाला म्हणालो, "घरच्या माणसासाठी एखादा दिवस इकडचा तिकडं केला असता तर काय बिघडलं असतं?"

तो म्हणाला, "एक दिवस खोटा झाला, मंग बाकीचे तीनशे चौसष्ट कोण खरे धरील?"

ह्या माणसासमोर मला भीती वाटायची. अंगानं मी त्याच्या दुप्पट होतो. पण देवळात गेल्यावर आवाज जसा आपोआप खाली येतो तसा माझा त्याच्यासमोर यायचा, आणि माझा आवाज कुणासमोर खाली येत नाही, हे माझ्या बायकोला विचारा.

परतीच्या कडेला, साल संपायला आल्यावर, मेहर महिन्यातलं एक लिंब होतं. त्यानं स्वतः लावलेल्या एकोणीसांतलं. एवढं सरळ झाड सबंध सडकेवर नव्हतं. बाकी झाडांना चार-चार, पाच-पाच गोष्टी होत्या. ह्या झाडाला एकच. हात लावायचा आणि म्हणायचा, "ह्या दिवशी माझ्या लेकीनं मला पहिल्यांदा बा म्हणलं. टोपल्यात बसल्ती. ह्या इथं." बस्. एवढं बोलून तो हात लगेच काढायचा नाही. बाकीच्या झाडांवरून लगेच काढायचा.

मी मावशीला विचारलं, मुकादमाला लेक आहे? कधी दिसली नाही.

मावशी म्हणाली, "पैल्या दिवशी तू ज्या झाडाची काडी मोडल्ती ना, तापाच्या साथीचं, तीन माणसं गेल्ती त्या दिवसाचं? त्या तिघांतली तिसरी चार वर्षाची होती."

मला तो सकाळचा आवाज आठवला. थुक ते, म्हणाला होता. तोंड गोड राहील, म्हणाला होता. कमी नाही, जास्त नाही.

आता सत्तेचाळीस सालाकडं येतो.

ऑगस्टच्या पंधरा तारखेला दिल्लीत झेंडा चढणार हे मोंढ्यातल्या हमालालाही ठाऊक होतं. आमच्या राज्यात मात्र तो झेंडा लावायला बंदी होती. लावला की धरून नेत होते. मला राजकारण कळत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की अमुक करू नको असं कुणी म्हणालं की माझ्या हाताला खाज सुटते. मोंढ्यातल्या एका मारवाडी कापडवाल्याकडं गेलो. तीन रंगांचे तीन तुकडे मागितले. त्यानं कशाला ते विचारलं नाही. घडी करताना हळूच म्हणाला, "केसरी वर, हिरवा खाली. जल्दीमध्ये उलटं करू नको म्हणजे झालं." बायकोनं शिवून दिलं. मध्ये चाक असतं हे ऐकलं होतं, कसलं ते पाहिलं नव्हतं. मी कोळशानं आमच्या बैलगाडीचं चाक काढलं.

आणि मंग मी चूक केली. तशी चूक आमच्या टोळीच्या माणसाशिवाय दुसरा कुणी करूच शकला नसता. बाहेरचा माणूस असता तर त्यानं कोणतंही झाड धरलं असतं. मी विचार केला, एवढा मोठा दिवस, तर त्याचं झाडही बराबर त्याचंच पाहिजे. बोटं मोजत सडकेनं गेलो. त्या दिवसाचं झाड म्हणजे ते सरळ लिंब निघालं. मला वाटलं, वा, उंचही आहे. ते कुणाचं झाड आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पहाटे फटफटताना मी शेंड्यापाशी झेंडा बांधत होतो, तेवढ्यात खाली गोटा टेकल्याचा आवाज आला.

"कोण हाय रे वर?"

"मी हाय, मुकादम."

"पैलवान? फांदी वल्ली हाय. जपून उतर."

मी उतरलो. तो वर पाहत होता. वारा सुटला होता, चाक हलत होतं. तो म्हणाला, "लई मोठा दिवस बांधलास झाडाला. पेलंल का त्याला?" आणि खोडाला हात लावून उभा राहिला.

दुपारपर्यंत अमीन आला. अमीन म्हणजे पोलिसांचा ठाणेदार. सोबत चार जवान. एका जवानाला वर चढवलं, तो अर्ध्यावर घसरला आणि मावशी नको तेवढं हसली. दुसऱ्यानं झेंडा काढला. अमीन मात्र झेंड्याकडं पाहतच नव्हता. तो मुळाशी असलेल्या पांढऱ्या गोट्याकडं पाहत होता. हुशार माणूस. एवढ्या झाडांतून झेंडा नेमका गोट्याच्याच झाडावर कसा, हे त्याला उभ्या उभ्या कळलं.

"मुकादम, ये तेरी टोळी का काम है. बाहरवाले कू क्या मालूम आज का झाड कौनसा. तेरेकू तो सब दिनां याद रहते. मुन्सिफ साहब कू झाड के नीचे बिठाके बोल्या था ना? मेरेकू बी बोल. झंडा कौन चढाया?"

मुकादम म्हणाला, "साहेब, दिवस वल्ला हाय. एक साल वाळला की सांगतो."

जवान हसले. अमीन म्हणाला, "साल नै, सुबह तक. कल सुबह इसीच झाड कू हात लगाके बोलना. नै बोल्या तो पूरी टोळी कू बांधके ले जाता. औरतां कू बी."

ते गेले. मी मुकादमाला बाजूला घेतलं. "मी जातो. मीच सांगतो त्याला."

"तुला कोण विचारून राह्यलंय? मला विचारलंय."

"मंग तुम्ही काय सांगणार?"

"झाडाला हात लावल्यावर जे येईल ते."

म्हणजे माझं नाव. घरी बायको आणि दोन महिन्यांचं लेकरू. मी आयुष्यात कुणाला विनंती केली नव्हती. त्या दिवशी केली. "मुकादम, एकडाव खोटं बोला. माहीत न्हाई म्हणा."

त्यानं फक्त माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. मंग तो म्हणाला, "कुऱ्हाड कुणाकडं हाय? फांद्या छाटायची." मावशीनं आणून दिली. तो म्हणाला, "जा आता सगळे. सकाळी या."

जाफराबादकडं माझी सासुरवाडी. पळून जाता आलं असतं. पण मी पळालो असतो तर सहा माणसं आत गेली असती आणि मुकादमाला तरीही माझं नावच सांगावं लागलं असतं. मी ठरवलं, सकाळी सगळ्यांच्या आधी जायचं, अमिनासमोर उभं राहायचं आणि त्याला झाडाला हात लावायची पाळीच येऊ द्यायची नाही. बायकोला सांगितलं. तिनं भाकरी बांधून दिली, चार दिवसांची.

सकाळी गेलो, तर झाड आडवं पडलेलं.

मुकादम त्याच्या खोडावर बसला होता. कुऱ्हाड शेजारी. दोन्ही तळहात सोललेले, दांडा लाल झालेला. वय साठीच्या घरात, आणि एकट्यानं ते झाड पाडलं होतं. जे त्यानं घागरीनं पाणी घालून वाढवलं ते. पांढरा गोटा मात्र पुढच्या झाडाच्या मुळाशी होता, आजच्या. एवढं करूनही तो गोटा सरकवायला विसरला नव्हता.

मी तोंड उघडलं. तो म्हणाला, "बोलू नको. तू बोललास तर झाड फुकट गेलं."

अमीन आला. घोड्यावरून उतरला, बुंध्याभोवती एक चक्कर मारली. "ये क्या है?"

"झाड न्हाई साहेब. आन् झाडाबिगर मला काय आठवत न्हाई. मुन्सिफ साहेबांना विचारा, ते लिवून देतील."

"सरकारी झाड काट्या तू. झंडेवाले कू छुपाने वास्ते. नै तो झंडेवाला तूच है."

"झाड म्या तोडलं, हे बिलकुल खरं हाय. लिवून घ्या."

अमिनाला कुणीतरी एक माणूस न्यायचाच होता. मिळाला. हात बांधले. मावशी रडायला लागली, तर हा तिला म्हणाला, "रडती काय, टोपली उचल, दिवस वर आला." थोडं पुढं गेल्यावर मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि एकच शब्द म्हणाला.

"गोटा."

तेरा महिने मी गोटा सरकवला. एक दिवस चुकला नाही. रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला, गावंच्या गावं रानात झोपू लागली, सडकेवर कुत्रं फिरकत नव्हतं, तेव्हाही मी जाऊन सरकवत होतो. मला ताप आला तेव्हा मावशीनं सरकवला. आणि त्या तेरा महिन्यांत मी गाडीवानांना, मोंढ्यात, सोयऱ्यांत, जिथं जिथं विश्वासाचा माणूस भेटला तिथं मिटक्या मारत सांगत होतो की आमच्या मुकादमानं अमिनाला कसं बनवलं. काय डोकं! खोटंही बोलला नाही आणि नावही दिलं नाही. लोक मांडीवर थाप मारायचे.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात फौज आली, राज्य गेलं, कैदी सुटले. एका दुपारी औरंगाबादच्या तुरुंगातून मुकादम आला. आगगाडीतून उतरून घरी गेला नाही, थेट सडकेवर. आधी वाळका होता, आता काडी झाली होती. पायात काही नव्हतंच. कुणाची विचारपूस नाही, काही नाही. म्हणाला, "चला, साल बघू."

आजूरच्या पहिल्या झाडापासून सुरू केलं. प्रत्येक झाडाला हात, प्रत्येक झाडाची एक गोष्ट. आम्ही सगळे मागून. साथीचं झाड आलं, त्यानं तीन माणसांचं सांगितलं, तसंच. वळलो. परतीच्या कडेनं मेहर महिन्यात आलो. आणि तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर सरळ निघून गेला. मध्ये बुंधा होता. त्याला फूट आली होती, शेळ्यांनी खाऊन बोटभर ठेवली होती.

मला वाटलं, दुखतं म्हणून थांबला नाही. पण मी हट्टी माणूस. म्हणालो, "मुकादम, इथं?"

"इथं काय?"

"इथं झाड होतं."

"हाव. होतं. म्या तोडलं."

"त्याचा दिवस?"

तो मागं आला. बुंध्यापाशी उभा राहिला. खोड जिथं असायला पाहिजे होतं तिथं, छातीच्या उंचीवर, त्यानं हात पुढं केला. हात हवेत राहिला. मी त्याच्या तोंडाकडं पाहत होतो. तो खरोखर शोधत होता, अंधाऱ्या घरात माणूस खुंटी शोधतो तसा. मंग त्यानं हात खाली घेतला.

"हात लावायला काय न्हाई, पैलवान. न्हाई येत."

मावशीनं तोंडाला पदर लावला.

तेव्हा मला कळलं. त्यानं अमिनाला बनवलंच नव्हतं. तो म्हणाला ते अक्षर न् अक्षर खरं होतं. झाडासोबत तो दिवस जाणार हे कुऱ्हाड मागताना त्याला ठाऊक होतं, आणि त्या झाडावर माझ्या झेंड्याच्या आधी काय होतं हेही ठाऊक होतं. तीनशे पासष्ट दिवसांतून लेकीच्या मरणाचा दिवस त्यानं जवळ ठेवला आणि हा दिला. मला आत जावं लागू नये म्हणून. मी, ज्यानं त्याच्या झाडावर चढताना एकदा विचारसुद्धा केला नव्हता. तेरा महिने मी ज्याला हुशारी म्हणून हसत सांगत होतो ते हे होतं.

आज ती सडक चौपट रुंद झाली आहे, झाड एकही नाही. पण मला त्यातले शंभरएक दिवस अजून येतात. ते झाडाला हात न लावताच येतात, म्हणजे मी मुकादमाच्या पासंगालाही पुरलो नाही. मी उभ्या जन्मात कुणापुढं वाकलो नाही, ह्याचा मला गर्व आहे. पण ज्याच्यापुढं वाकावं असा माणूस मी पाहिला आहे, आणि ते पाहणं सगळ्यांच्या नशिबात नसतं.

त्या दिवशी आम्ही साल पुरं केलं आणि पांगलो. मी घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला तर ठाऊक हाय ना त्या झाडाचं? दरसाली ऐकत होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या आधी सडकेवर गेलो. तो आला, वाकला, गोटा उचलला, आजच्या झाडाशी ठेवला. मी म्हणालो, "मुकादम, जरा मागं चला." मागच्या महिन्यात, त्या बुंध्यापाशी आणलं. शेळ्यांनी खाल्लेली फूट पायानं जपून बाजूला केली आणि बुंध्यावर चढून उभा राहिलो, सरळ, जेवढं सरळ मला उभं राहता येतं तेवढं. त्याचा हात उचलला. तळहातावर कुऱ्हाडीचे वण होते. तो मी माझ्या छातीवर ठेवला.

"ह्या दिवशी," मी म्हणालो, "तुमच्या लेकीनं तुम्हाला पहिल्यांदा बा म्हणलं. टोपल्यात बसल्ती. ह्या इथं."

झेंड्याचं मी त्याला नंतर सांगितलं.